दादाची मंडळी

माझा दादा एका जागी शांत बसलाय हे दृश्य कुणी बघितलं असेल तर त्यानं येऊन मला सांगावं, मी त्याला चहा पाजते. जेवताना दोन घास खाल्ले की हा उठून खिडकीशी. चार माणसांत बसला तर पाय हलतोय, नाहीतर किल्ल्या वाजतायत. कुणाच्या लग्नाला गेला की सगळे नवरा-नवरीला भेटायला रांगेत, आणि आमचे बंधुराज हात धुवायच्या बेसिनखाली वाकून पाणी कुठं जातंय ते बघतायत.

"अरे दादा, लाज आणतोस!" मी ओरडते.

"मिरचे, हे सगळं संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच येणारंय," तो म्हणतो. "आधी बघून ठेवलेलं बरं."

मिरची म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. नाव त्यानंच ठेवलंय आणि माझं काही म्हणणं नाही.

दादा शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर आहे. सगळे त्याला नुसतं प्लांट म्हणतात. शहरानं मोरीत, संडासात, बेसिनमध्ये जे काही सोडलं ते एका अवाढव्य पाइपातून तिथं येऊन पडतं. आधी लोखंडी जाळी. त्या जाळीत चिंध्या, केसांचे पुंजके, खेळण्यातल्या गाड्या अडकतात. एकदा तर दातांची अख्खी कवळी सापडली होती, आणि दादा ती धुऊन ठेवून मालक येईल म्हणून वाट बघत होता! कोण येणार, कपाळ? जाळीच्या पुढं एक मोठा हौद. त्यात खालून हवा सोडलेली, त्यामुळे तो दिवसरात्र खदखदत असतो. त्या हौदात दादाची मंडळी राहतात.

मंडळी म्हणजे जिवाणू, आणि त्यांच्यासोबतचे साध्या डोळ्यांना न दिसणारे बारके जीव. ते सगळी घाण खातात, खाऊन जड होतात आणि पुढच्या गोल टाकीत गाळ होऊन तळाला बसतात. वरचं निवळ पाणी टाकीच्या कडेवरून सांडतं आणि नदीत जातं. गाळातली जिवंत मंडळी पंपानं परत हौदात, विरजण राखून ठेवावं तशी. त्यांना हवा कमी पडली तर मरतात, विष मिळालं तर मरतात. गुरं पाळणाऱ्याला जेवढं टेन्शन नसेल तेवढं माझ्या भावाला. कामावर गेल्या गेल्या एक थेंब काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि म्हणायचं, "मंडळी मजेत आहेत." मगच चहा. वहिनी होती तेव्हा म्हणायची, "घरच्या मंडळीची एवढी चौकशी केली असती तर मी सोन्यानं मढवलं असतं यांना." वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. भाचीला त्यानं एकट्यानं वाढवलं. मी आपली वरून आरडाओरडा करायला होते.

माझ्या घरी आला की तो आधी संडासात डोकावणार. तिथं ॲसिडची बाटली दिसली की संपलंच. "माझ्या मंडळींना मारतेस?" म्हणून बाटली उचलून घेऊन जायचा. आता माझ्या एका बाटलीनं त्या एवढ्या हौदाला काय डोंबल होणार होतं! पण त्याच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

हे सगळं मी का ऐकून घ्यायचे, तर आमचं पोट त्याच पाण्यावर होतं. उन्हाळ्यात आमच्या नदीला स्वतःचं असं पाणी नसतंच. वरच्या अंगाला नुसती डबकी. प्लांटचं पाणी जिथं पडतं तिथून पुढं ती नदी दिसायला लागते. प्लांटच्या खाली, वळणापलीकडे, माझ्या नवऱ्याचे माशांचे पिंजरे आहेत. तरंगत्या चौकटी आणि त्यांना खाली सोडलेली जाळी. त्यात बोटाएवढी पिल्लं सोडायची आणि रोज खायला घालून मोठी करायची. लोक म्हणाले, त्या पाण्यात मासे? वेड लागलंय का? नवराही कचरत होता. तेव्हा दादाच म्हणाला होता, "दाजी, टाका पिंजरे. पाण्याची जबाबदारी माझी." त्याच्या त्या एका शब्दावर आम्ही आमचं होतं नव्हतं ते पाण्यात सोडलं.

आता भाचीचं सांगते. पोरगी गुणाची. बँकेत लागली, तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलाचे वडील नाहीत, आई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. आम्ही घरात त्यांना हेडबाईच म्हणायला लागलो. हेडबाई एकट्याच भेटायला येणार असं ठरलं, आणि फोनवर म्हणाल्या, "मला घर नंतर दाखवा. मुलीचे वडील आयुष्यभर जिथं राबले ती जागा आधी बघायचीय."

झालं! भाचीचं तोंड एवढंसं झालं. शाळेत असताना हिला पोरं नाक दाबून दाखवायची. डबा खायला हिच्याशेजारी कुणी बसायचं नाही. मी एकदा शाळेत जाऊन दोघातिघांचे कान उपटूनही आले होते, पण त्यानं काय होतंय. ती मोठी झाली, शिकली, आणि कधी प्लांटच्या फाटकाच्या आत गेली नाही. दादानंही कधी बोलावलं नाही.

त्या दिवशी माझ्यासमोर ती बापाला म्हणाली, "बाबा, एकच करा. वास येऊ देऊ नका."

दादा हसून म्हणाला, "नाही येऊ देत." पण मला त्याचा चेहरा दिसला. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता, तो तसाच खाली ठेवून तो बाहेर गेला आणि अंगणात फेऱ्या मारत राहिला.

तिथून त्याला जे काही लागलं ते लागलं. आधीच पायाला भिंगरी, त्यात हे. जाळीला रंग दिला. फाटकापासून त्याच्या कामाच्या खोलीपर्यंत कुंड्या आणून मांडल्या. तेव्हा प्लांटमधला दुसरा हौद दुरुस्तीसाठी रिकामा केलेला होता. तळाला हवेचे नवेकोरे पाइप टाकून झाले होते, पाणी सोडणं तेवढं बाकी होतं. त्यामुळे सगळा भार एकाच हौदावर. अशा वेळी एरवी तो फुंकून फुंकून वागला असता. शनिवारी मी डबा द्यायला गेले तर हा रबरी नळी घेऊन भिंती धुतोय, नाल्या धुतोय, टाकीचे काठ घासतोय. आजूबाजूला फिनेलची रिकामी पिंपं लोळतायत आणि ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांची तोंडं उघडी. डोळ्यांतून पाणी येत होतं माझ्या.

"काय रे हे? लग्न इथंच लावणार आहेस की काय?"

"येतोय का वास?" त्यानं विचारलं.

"फिनेलचा येतोय. मेल्या, नाक जळलं माझं."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि परत घासायला लागला. डबा तसाच राहिला.

आता ऐका. प्लांटमधल्या प्रत्येक नालीचं पाणी फिरून त्या हौदातच जातं. फरशी धुतली तरी, चहाचा कप विसळला तरी. नव्यानं लागलेल्या माणसाला दादा पहिली गोष्ट हीच शिकवायचा. माझ्या संडासातली बाटली उचलून नेणारा माणूस हा! आणि त्यानं पिंपंच्या पिंपं, पोतीच्या पोती स्वतःच्या हातांनी मंडळींच्या तोंडात ओतली. कळत नव्हतं असं नाही. पोरीचा शब्द कानात घुसल्यावर बाकी सगळं कानाबाहेर गेलं होतं.

रविवारी सकाळी हेडबाई आल्या. उंच, किडकिडीत बाई, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. म्हटलं, बघा, ही चालायच्या तयारीनं आलीय. भाची त्यांच्यामागं ओढणी मुठीत धरून. मी चहाचा थर्मास आणि बिस्किटं घेऊन. दादा इस्त्रीच्या शर्टात असा काही दिसत होता की मलाच भरून आलं. नवी पँट, दाढी गुळगुळीत, आणि हात कुठं ठेवायचे ते कळत नाहीये.

हेडबाईंनी सगळं विचारलं. जाळीत काय काय अडकतं, गाळाचं पुढं काय होतं, सुट्टी कधी असते. दादा हळूहळू खुलला. कवळीची गोष्ट सांगितली तेव्हा बाई खळखळून हसल्या. भाची चोरून श्वास घेऊन बघत होती, वास येतोय का म्हणून. नव्हता येत. तिचे खांदे जरा खाली आले. माझ्या मनात आलं, जमलं बाई, जमलं.

मग दादा त्यांना खोलीत घेऊन गेला. "आता आमची मंडळी दाखवतो," म्हणाला. थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, खुर्ची पुढं केली. रोज आल्या आल्या स्वतः बघणारा माणूस, पण त्या सकाळी कुंड्यांना पाणी घालण्यात राहून गेलं होतं.

हेडबाईंनी चष्मा काढून डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"गोल गोल काहीतरी दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणालात पळापळ दिसेल. हलत तर काहीच नाहीये."

"काच वाळली असेल," दादा म्हणाला. दुसरा थेंब घेतला. या वेळी आधी स्वतः बघितलं. आणि मी सांगते, माझा भाऊ, जो कधी एका जागी थांबला नाही, तो तिथं तसाच वाकलेला राहिला. पाय हलेना, हात हलेना. मला भीती वाटली.

"बाबा?" भाची म्हणाली.

"हं? आलो." तो उठला आणि बाहेर गेला. मी मागोमाग. तो गोल टाकीच्या काठाशी उभा होता. कडेवरून सांडणारं पाणी रोज आरशासारखं असायचं, आज ते तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं होतं. हौदावर साबणासारखा फेस.

"दादा, काय झालं?"

"काही नाही. तू चहा दे त्यांना."

मी चहा दिला. तोही येऊन बसला. कप उचलला, ठेवला, परत उचलला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याच्या मनात काहीतरी घोळतंय हे मला कपाच्या आवाजावरून कळत होतं. रविवार होता. पाण्याचे नमुने तपासायला न्यायला माणूस आठवड्याच्या मधल्या दिवसांत यायचा. तोवर काय झालं, कुणामुळे झालं, कुणाला कळणार होतं? कुठल्या तरी कारखान्यानं काही सोडलं असेल म्हणून मोकळं होता आलं असतं. पोरीची होणारी सासू समोर बसलीय, बिस्किट खातेय, खूश आहे. फक्त तासभर गप्प बसायचं होतं.

पण काय लपवतोय, तेच मला अजून समजलं नव्हतं.

त्यानं कप खाली ठेवला. "मिरचे, दाजींना फोन लाव. पिंजरे उघडायला सांग."

"काय?"

"मासे सोडायला सांग सगळे. लगेच." मग तो हेडबाईंकडे वळला आणि उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. "माझ्या हातून चूक झाली. काल मी फिनेल आणि ब्लीचिंगनं सगळा प्लांट धुतला. ते सगळं हौदात गेलं. आमचे जिवाणू मेले. आता जे पाणी नदीत जातंय ते जवळजवळ न साफ झालेलं आहे, वर औषधही त्यात आहे. खाली हिच्या नवऱ्याचे मासे आहेत."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी काय काय बोलले ते इथं लिहवत नाही. आमचं वर्ष त्या पाण्यात होतं. कुंड्या हव्या होत्या मेल्याला!

"बाबा, पण एवढं कशाला ओतलंत?" भाची रडवेली होऊन म्हणाली.

"हात सैल सुटला गं," तो म्हणाला. बस, एवढंच.

खरं कारण माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण माझ्याआधी तिलाच कळलं. ती पांढरी पडली आणि हेडबाईंना म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना, वास येऊ देऊ नका म्हणून. तुम्ही येणार होतात ना. मला लाज वाटत होती." आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

हेडबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दादाला म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं आणि माझ्या मुलाचं आपण नंतर बोलू. आधी सांगा, मी काय करू?"

त्या क्षणी ती बाई मला आवडली, हे कबूल करते. पुढं लग्न झालं ते वेगळं.

दादानं साहेबांना फोन करून शहराचं पाणी दुसऱ्या हौदात वळवू का म्हणून विचारलं. साहेबांनी शिव्या घातल्या आणि हो म्हटलं. मग त्यानं रिकाम्या हौदाचं गेट उघडलं. नव्याकोऱ्या पाइपांवर काळं पाणी धो धो पडायला लागलं. तेवढंच नदीत जाणारं पाणी थांबणार होतं, पण हौद संध्याकाळपर्यंत भरला असता. पुढं नदीत सोडण्यावाचून इलाज नव्हता. शेजारच्या शहरातल्या प्लांटकडे जिवंत गाळाचा टँकर मागितला, तो दुसऱ्या दिवशी मिळणार होता. सकाळपासून गेलेलं पाणी तर वळणाकडे निघालेलंच होतं. हौदाच्या भिंतीवर खूण दाखवून दादा हेडबाईंना म्हणाला, "पाणी इथपर्यंत आलं की फोन करा." बाई पांढरे बूट घालून भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि भाची त्यांच्याशेजारी.

आम्ही दोघं नदीकडे धावलो.

नवऱ्यानं जाळी फाडायला घेतली होती. त्यानं फोनवर एवढंच विचारलं होतं, "दादा स्वतः म्हणाले?" मी हो म्हटल्यावर कोयता घेतला. मासे धरून न्यायला ना टँकर होता, ना वेळ. खाली थोड्या अंतरावर दुसरी मोठी नदी येऊन मिळते, तिथं खोल पाणी आहे. तिथपर्यंत पोचले तर जगले.

पण मासे जाईनात! जाळी फाटून लोंबतेय, चारी बाजू मोकळ्या, आणि ते आपले होते त्या चौकोनात गोल गोल फिरतायत. जन्मापासून तेवढीच जागा बघितलेली. नवरा बांबूनं पाणी बडवत होता. दादा नव्या पँटसकट छातीभर पाण्यात शिरला आणि हातांनी त्यांना ढकलायला लागला. "जा ना! अरे जा की रे!" त्याचा आवाज फाटला होता. मासे जरा बाजूला व्हायचे आणि परत यायचे.

वरच्या अंगाला पाण्याचा रंग बदललेला मला दिसला.

खाद्याचा डबा काठावर होता. रोज मी तो पळीनं वाजवते आणि मासे वर येतात. मी डबा उचलला, होडीत चढले आणि दादाला म्हणाले, "वल्हं घे."

डबा वाजवला. पाणी उकळल्यासारखं झालं. मूठभर खाद्य मागं टाकलं आणि दादानं होडी हाकली. आले! एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होडीमागं आले. मागं पिंजऱ्यांपाशी नवरा बांबूनं उरलेल्यांना रेटत होता. मी वाजवत होते, टाकत होते, परत वाजवत होते. दादा वल्हं मारत होता आणि रडत होता, नाक पुसायला हात रिकामा नव्हता त्याचा. मला त्याचा संताप येत होता. माझीच पिल्लं मी माझ्या हातानं घालवून देत होते.

मोठ्या नदीत शिरलो तेव्हा डबा तळाला लागला होता. शेवटची मूठ मी लांबवर भिरकावली. पाणी हिरवं, खोल, गार. दादानं हुश्श केलं आणि होडी वळवली.

मासेही वळले.

होडीमागं, ओळीनं, घराकडे. दादानं वल्हं थांबवलं तर तेही थांबले. तो माझ्याकडे बघायला लागला.

"काठाला घे," मी म्हणाले. "तू उतर आणि चालत जा. तिकडं हौद भरत आला असेल."

"आणि तू?"

"होडी परत नेली तर हे मागं येणार. मी बसते इथं. अंधार पडला की यांची भूक जाते, मग पांगतील."

तो काठाशी गुडघाभर पाण्यात उतरला. होडीची कड धरून उभा राहिला. "मिरचे, मला आणखी शिव्या दे गं."

"देईन. रात्री जेवायला येशील तेव्हा देईन. आता जा."

त्यानं कड सोडली. काठाकाठानं भराभर चालत निघाला, दोनदा घसरला, सारखा मागं वळून बघत होता. मी होडी मध्यावर नेली आणि डबा वाजवला. मासे वर आले, तोंडं उघडून. डब्यात काहीच नव्हतं. मी वाजवत राहिले आणि ते येत राहिले.